एका दिवसाचा परवाना

भुसावळला, जामनेर रोडवर, टायरच्या दुकानावर
आठ स्टुलांचा एक बार आहे.
पाटी नाही. दारात निळ्या कापडाचा अर्धा पडदा,
वाकून शिरावं लागतं,
म्हणून हे उंबऱ्यातच थबकले :
देऊळ आहे का काय?

लीलाधर झोपे अकरा वर्षं जपानात वेल्डर होता.
येताना त्यानं सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही,
आणली एक फळी. देवदाराची, नऊ फूट.
तिच्यावर आता आमचे चार कोपर
आणि मधे दोन कागद.

परवाना. एका दिवसाचा. पाच रुपये.
'प्रकृती राखण्याकरिता मद्य बाळगण्यास व पिण्यास.'
प्रकृती! मी दवाखान्यात रोज दीडशे नळ्यांवर
लोकांची नावं लिहिते, त्यांच्या रक्ताची.
आज माझं लिहिलं, पूर्ण :
कुमुदिनी युवराज बऱ्हाटे, वय चौपन्न.
घराच्या उताऱ्यावर यांचं नाव आहे,
गॅसच्या पुस्तकावर यांचं,
कर्जाच्या पासबुकावर तेवढं माझं.

कशाले आणलं मले इथं? हे दबक्या आवाजात.
सांगते, म्हटलं.
सांगितलं नाही.

तांदूळ घासतात, झोपे सांगत होता,
निम्मा दाणा झडेपर्यंत घासतात,
मग उरतो त्याची ही.
आणि कोंड्याचं काय करतात?
तो हसला. या गावात हे कुणी विचारलं नव्हतं अजून.

गार देऊ का कोमट?
मे महिना, रात्रीचे नऊ,
बाहेर भिंतींना हात लावायची सोय नाही,
आणि हा विचारतोय, कोमट?
तर म्हणे कोमटपणालाही तिकडे नावं आहेत :
एक, उन्हात ठेवल्याइतकी.
एक, हितोहादा. माणसाच्या अंगाइतकी.
भुसावळाइतकी नाही ना? हे म्हणाले,
आणि स्वतःच्याच विनोदाला दचकले.

अंगाइतकी दे, मी म्हटलं.
आली चिमणीएवढ्या सुरईत.
मी सवयीनं एक थेंब मनगटावर घेतला,
बाटलीतलं दूध बघायचे तसा.
काहीच लागलं नाही.
म्हणजे बरोबर होती.

मग वांगं आलं, निखाऱ्यावर भाजलेलं, आल्याचा कीस वर.
भरीत, हे म्हणाले, ओळखीचा माणूस भेटावा तसे.
भरीतच, पण ते लोक मिरची विसरले, झोपे म्हणाला,
आणि फळीखालून दोन लवंगी काढल्या.

एकच नियम आहे इथला :
आपली आपण ओतायची नाही.
मी यांची ओतली. ते मला सोपं होतं,
तेहतीस वर्षं मी सगळ्यांच्याच ताटात वाढत आले.
मग सुरई खाली ठेवली. आणि बसून राहिले.
हेही बसून राहिले.
झोपे उगीच पेला पुसत होता.

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, कुठल्याही खडखडाटात
कंदील स्थिर धरलेला हात,
त्यानं सुरई उचलली
आणि तो थरथरला.

घर फिटलं, मी म्हटलं नेमकं तेव्हाच,
आज दुपारी. शेवटचा हप्ता.

यांनी माझ्याकडे पाहिलं, ओतायचं थांबवलं नाही.
पेला भरला, काठावर फुगला,
सांडला खालच्या लाकडी चौकोनात.
अहो, सांडतंय!
सांडू द्या वहिनी, झोपे म्हणाला,
तो चौकोन त्यासाठीच असतो.

मी सांडलेलं आधी प्यायले.
लाकडाचा वास होता त्याला,
नव्या घराच्या दारांना होता तो,
आम्ही राहायला गेलो त्या रात्री,
हे डाऊन मालाच्या ड्यूटीवर असताना.

पायी निघालो. पुलावर हे थांबले,
खाली वॅगन जोडत होते, एक एक धक्का पुढे पुढे जाताना ऐकू येत होता.
किती डबे? मी विचारलं.
अठ्ठावन्न, न मोजता.
बाराला दहा कमी होते.
परवाना पर्समध्ये होता,
अजून दहा मिनिटं चालणार होता.
बस जरा, हे म्हणाले, कठड्याची धूळ रुमालानं झटकून,
घाई काय आहे.